बंद घर आणि अडलेला मालक: मदत करायची तर सुरुवात कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गल्लीत तीन घरं वर्षानुवर्षं बंद आहेत, एकाचं छप्पर बसायला आलंय, दुसऱ्याच्या आवारात कचरा आणि झुडपं माजलीत, तिसरं बाहेरून बरं दिसतं पण दार उघडलं की ओलीचा भपकारा येतो. मालक वाईट लोक नाहीत, फोन उचलतात, "बघू, करू" म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही. तुम्ही चार-पाच शेजारी मदतीला तयार आहात पण आधी इंजिनियर बोलवायचा की वकील की सरळ झाडू घेऊन साफसफाईला लागायचं, ते कळत नाहीये.

मी २२ वर्षं जुन्या आणि बंद पडलेल्या घरांच्या दुरुस्तीचं काम करते, तर माझं उत्तर असं की आधी यातलं कोणीच नको. आधी दोन गोष्टी शोधा, पाणी घरात कुठून शिरतंय आणि मालक नेमका कुठे अडलाय. घर पाण्याने खराब होतं आणि मालक निर्णयाला अडतो. यातलं पाणी थोड्या पैशात थांबवता येतं, निर्णयाला मात्र महिने नाहीतर वर्षं लागतात, म्हणून पाणी आधी थांबवायचं, म्हणजे मालकाचं ठरेपर्यंत घर उभं राहतं. बहुतेक जण उलटं करतात, आधी मालकाच्या मागे लागून "पूर्ण रिनोव्हेशन करा" म्हणतात, मालक आकडा ऐकून गप्प होतो आणि दोन पावसाळे आणखी जातात.

मालक कुठे अडलाय हे त्याच्या पहिल्या उत्तरावरून कधीच कळत नाही. "पैसे नाहीत" हे सगळ्यात सोपं उत्तर आहे म्हणून सगळे तेच देतात. एका घरात चार भावंडं वारस होती, मोठे भाऊ दर वेळी पैशाचं कारण सांगायचे, मी तीन वेळा एस्टिमेट कमी करून दिलं तरी तेच, शेवटी एकदा चहा पिताना म्हणाले की मी खर्च केला तर बाकीचे म्हणतील याला घर हडपायचंय, आणि नाही केला तर मोठा असून काही केलं नाही म्हणतील. म्हणजे तीन एस्टिमेटं वाया. त्यांना हवा होता तो एका पानाचा कागद, की दुरुस्तीसाठी कोणी किती पैसे घातले याची नोंद राहील, त्याने कोणाचा हिस्सा वाढणार-घटणार नाही, पुढे घर विकलं किंवा भाड्याने दिलं तर आधी हे पैसे ज्याचे त्याला परत आणि मग वाटणी. चौघांनी सह्या केल्या आणि पुढच्या महिन्यात छपरावर माणसं चढली. मालकीचा वाद सुटेपर्यंत थांबायचं ठरवलं तर घर आधी पडतं, म्हणून मालकी कोणाची आणि देखभाल कशी करायची हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. मसुदा वकिलाच्या नजरेखालून घालाच, पण वकिलाला "वाटणी करून द्या" म्हणून सांगू नका, "वाटणी होईपर्यंतची देखभाल लिहून द्या" असं सांगा.

हा वारसांचा गुंता तुमच्याच गल्लीत आहे असं समजू नका. जपानमध्ये २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या जवळपास १४ टक्के, आणि त्यातल्या कितीतरी घरांच्या कागदावर अजून वारलेल्या माणसाचंच नाव. शेवटी त्यांनी एप्रिल २०२४ पासून वारसानोंद सक्तीची केली, वारसाहक्क मिळाल्याचं कळल्यापासून ३ वर्षांच्या आत करायची, नाहीतर दंड. तिथली आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्या जागेवर घर उभं आहे तिच्या २०० चौरस मीटरपर्यंतच्या भागाचा मालमत्ता कर एक षष्ठांश मूल्यावर आकारायचे, घर पाडलं की ती सवलत गेली, त्यामुळे पडकं घर तसंच ठेवणं मालकाला स्वस्त पडायचं. आळशी मालक म्हणून त्यांना नावं ठेवण्यात काय अर्थ, गणितच तसं होतं. पुढे २०१५ पासून धोकादायक घरांची आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक होण्याच्या वाटेवर असलेल्या घरांचीही सवलत काढून घ्यायची सोय केली. तर तुमच्या मालकाशी बोलताना हे गणित डोक्यात ठेवा, की घर बंद ठेवल्याने त्याचं काय वाचतंय? कधी कर असतो, कधी भावंडांशी भांडण टळतं, कधी फक्त आईची खोली रिकामी करायचं दुःख टळतं. शेवटच्याला कुठलंही एस्टिमेट लागू पडत नाही, तिथे एक खोली तशीच कुलूप लावून ठेवू आणि बाकीचं सुरू करू असं म्हटलं की माणूस मोकळा होतो, हे मी खूपदा पाहिलंय.

पहिला निरोप कसा पाठवायचा यावर बरंच अवलंबून असतं. तक्रार नको, "तुमच्या घरामुळे आम्हाला त्रास" हे वाक्य खरं असलं तरी पहिल्या निरोपात नकोच. दोन फोटो पाठवा आणि एकच छोटी परवानगी मागा, उदाहरणार्थ पन्हाळ साफ करू का आणि उडालेल्या कौलांवर ताडपत्री टाकू का. एवढ्याशा गोष्टीला नाही म्हणणं अवघड असतं. हो आलं की ते लेखी घ्या, मेसेजवर चालेल, पण कोण, कधी, काय करणार आणि खर्च कोणाचा हे त्यात येऊ द्या. परवानगीशिवाय कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका, हेतू कितीही चांगला असो. आणि एक आगाऊ सल्ला, तुमच्या गटात कोणाचा ते घर विकत घ्यायचा विचार असेल तर त्याने पहिल्याच दिवशी सांगून बाजूला व्हावं. मदत करणारा हळूच गिऱ्हाईक निघाला की त्या गल्लीतले बाकीचे मालकही दार बंद करतात, पुन्हा उघडत नाहीत.

आत जाताना दोघं तरी जा, बूट, मास्क, टॉर्च घेऊन. लाकडी मजला असेल तर मधोमध चालू नका, भिंतीच्या कडेने चला, आणि तिथेही वाशांची टोकं भिंतीत कुजलेली असू शकतात म्हणून आधी काठीने ठोकून बघा. स्लॅबला पोपडे सुटले असतील तर त्याच्याखाली उभं राहून फोटो काढायचे नाहीत. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, ते फोडायचे, घासायचे किंवा झाडून काढायचे नाहीत, त्याची धूळ फुफ्फुसात जाते आणि ती परत निघत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तोही कोरडा घासू नका.

आता पाणी, यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण निम्म्याहून जास्त घरं मी यातच वाचताना किंवा मरताना पाहिलीत. एक घर होतं, तळमजल्याची भिंत कमरेपर्यंत ओली, मालकाला दोन वेळा दोन वेगवेगळ्या लोकांनी भिंतीला भोकं पाडून केमिकल इंजेक्शन मारून दिलं, दोन्ही वेळा वॉरंटी, दोन्ही वेळा ओल परत. तिसऱ्याने सांगितलं की पाडा. मी गेले तेव्हा भिंतीकडे बघितलंच नाही, गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं आणि खाली पाइपाच्या तोंडाशी उभी राहिले. पाणी बाहेर आलंच नाही. जमिनीखाली पाइप कधीचा फुटलेला आणि सगळ्या गच्चीचं पाणी पायाशी जिरत होतं. पाइप बदलला, भिंतीलगतची माती उतरवून उतार बाहेरच्या बाजूला दिला, बस. पण मालकाचा विश्वास बसायला वर्ष लागलं, कारण भिंत लगेच सुकत नाही. आमच्याकडे ढोबळ हिशोब असा असतो की विटा-दगडाची भिंत महिन्याला साधारण २५ मिलिमीटर सुकते, म्हणजे ४५० मिलिमीटर जाड भिंतीला दीड वर्ष. हे मालकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो तिसऱ्या महिन्यात घाईने प्लास्टर करून घेतो आणि ओल आत कोंडते.

म्हणून वरून खाली बघत या. छप्पर, कौलं, गच्चीचे कोपरे, पन्हाळ, उभे पाइप, पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो, खिडक्यांच्या वरचे छज्जे, मग जमिनीचा उतार आणि शेवटी चेंबर. पन्हाळीत साचलेला पाला हे बंद घराचं खरं दुखणं असतं, मूठभर पाला अडकतो, पाणी उलटं फिरून भिंतीच्या माथ्यावर जातं, तिथेच तुळया टेकलेल्या असतात, आणि लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं. वाळवीलाही ओल आवडते. ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, गटाने मिळून एक घ्या, महिन्यातून एकदा ठरलेल्या ठिकाणी टोचून आकडा लिहून ठेवा, नुसता हात लावून "आता बरं वाटतंय" याला काही अर्थ नाही.

दुसरं म्हणजे हवा. घर बंद करताना लोक प्रत्येक फट बुजवतात, खिडक्यांना प्लायवूड ठोकतात आणि आत भट्टी तयार होते. फळ्या लावायच्याच असतील तर वर आणि खाली जाळी लावून जागा सोडा म्हणजे हवा खेळते, आतली दारं आणि कपाटं उघडी ठेवा, भिंतीला टेकलेलं सामान हातभर पुढे ओढा.

इथे माझी स्वतःची चूक सांगते. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती, एका जुन्या चुन्याच्या भिंतीला मी मजबूत म्हणून चांगलं सिमेंट प्लास्टर करून घेतलं. दिसायला छान, मालक खूश. दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्लास्टरचे पत्र्यासारखे तुकडे निघाले आणि सोबत विटेचा चेहराही घेऊन आले. चुन्याचा गिलावा ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, सिमेंट सोडू देत नाही, मग पाणी आणि क्षार प्लास्टरच्या पाठीमागे विटेत जमा होतात आणि क्षाराचे स्फटिक वाढले की वीट आतून सोलते. ते काम मी माझ्या पैशाने परत करून दिलं. तेव्हापासून जुन्या भिंतीवर कुठला माल आहे हे खरवडून बघितल्याशिवाय मी गवंड्याला हात लावू देत नाही. भिंत चुन्यातली असेल तर चुनाच, आणि वरचा रंगही श्वास घेणारा, प्लास्टिक पेंट नाही.

स्लॅबचं घर असेल तर गोष्ट वेगळी. आत सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा खातो, काँक्रीट फुगून फुटतं, त्यातून आणखी पाणी आणि हवा आत, असं ते चक्र. छोट्या हातोडीने ठोकत जा, भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर खडूने गोल करा. नुसतं पुट्टी-रंग मारून झाकलं तर गंज आत चालूच राहतो. खडूचे गोल बरेच झाले, किंवा सळया उघड्या पडून बारीक झालेल्या दिसल्या, तर इथे मात्र स्ट्रक्चरल इंजिनियर लागतोच, आणि तो ठेकेदाराने आणलेला नको, मालकाने वेगळी फी देऊन आणलेला हवा.

भेगांना लोक उगाच घाबरतात. भेग आहे यापेक्षा ती वाढतेय का हे महत्त्वाचं. दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख, आणि वर काचेची पट्टी चिकटवा, काच तडकली तर हालचाल चालू आहे. सहा महिने पुढे सरकली नाही तर ती जुनी जखम आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि वाढत असलेली भेग मात्र पायाकडे बोट दाखवते, आणि पायाकडे गेलात की बहुतेक वेळा पुन्हा तोच फुटका पाइप सापडतो.

भिंतीत पिंपळासारखं झाड उगवलं असेल तर ओढून काढू नका, मुळासोबत भिंत येते. बुंध्याशी कापा, ताज्या कापावर लगेच मूळ मारायचं औषध लावा, पूर्ण वाळल्यावरच मुळं काढून सांधे भरा. औषध लावायला दुसऱ्या दिवशी गेलात तर उपयोग नाही, काप सुकलेला असतो.

नळ आणि वीज पटकन सांगते. मुख्य व्हॉल्व्ह बंद, पाइप आणि टाकी रिकामी. घरात मेलेल्या उंदरासारखा वास येतोय असं मालक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा उंदीर नसतोच, मोरीच्या आणि संडासाच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं, पाणी उडून गेलेलं असतं आणि गटाराची हवा सरळ वर येते, महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतलं की संपलं. घर परत वापरात आणताना साचलेलं पाणी आधी भरपूर वाहू द्या, त्यात लीजिओनेला जिवाणू वाढलेले असू शकतात आणि ते तुषारांमधून श्वासात जातात, म्हणून पहिल्याच दिवशी शॉवरखाली उभं राहू नका. जुनी वायरिंग तपासत बसायचं नाही, ती पूर्ण बदलायची असंच धरून चला, आणि कामापुरता वेगळा तात्पुरता बोर्ड घ्या.

हे सगळं झालं की मग एस्टिमेट. इथे मालक पळतात कारण त्यांच्यासमोर एकच मोठा आकडा येतो. मी तीन वेगळे कागद देते. पहिला, घर आणखी बिघडू नये म्हणून जे करायचं तेवढंच, छप्पर, पाइप, दारं-खिडक्या, धोकादायक भाग काढणं. दुसरा, एक खोली, एक मोरी-संडास आणि एक स्वयंपाकघर वापरण्यासारखं करणं, म्हणजे कोणीतरी राहू शकेल. तिसरा, बाकी सगळं, ज्याच्यावर आज सही करायचीच नाही. पहिला कागद मालक बहुतेक वेळा त्याच बैठकीत मान्य करतो. त्यात १५-२० टक्के जादा धरून ठेवा, जुनं घर उघडल्याशिवाय बोलत नाही, फरशी उचलली की काहीतरी निघतंच. ठेकेदाराला पैसे टप्प्याने, काम मोजून, आणि शेवटचे ५-१० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचे, हे करारातच लिहा, नंतर तोंडी सांगून काही होत नाही.

दुसऱ्या कागदावर मी इतकी अडून बसते कारण माणूस राहायला आला की घर टिकतं. गळती पहिल्या दिवशी दिसते, पन्हाळीतला पाला कोणीतरी काढतं. नेदरलँड्समध्ये तर रिकाम्या इमारतीत कमी पैशात राखणदार म्हणून माणसं ठेवायची पद्धत मुरलेली आहे, तिथे घुसखोरी टाळणं हा हेतू असला तरी इमारतीवर नजर राहतेच. फक्त मालकाला भीती असते की राहणारा नंतर निघणार नाही, ती भीती रास्त आहे, त्यामुळे मुदतीचा लेखी करार झाल्याशिवाय ओळखीतल्या माणसालाही चावी देऊ नका.

तुमच्या दुसऱ्या घराचं, म्हणजे आवारात कचरा असलेल्याचं, काम लगेच सुरू करता येईल. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ५४१ रिकाम्या प्लॉटवर एक मोठा प्रयोग झाला, २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे प्लॉट निवडून काहींची सफाई केली, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं, काही तसेच ठेवले. गरीब वस्त्यांमध्ये साफ केलेल्या प्लॉटच्या आसपास बंदुकीच्या घटना २९ टक्क्यांनी कमी झाल्या. तुमच्याकडे बंदुकांचा प्रश्न नसेल, पण कुंपण बुटकं होतं ही गोष्ट लक्षात घ्या. उंच पत्रे मारले की आत काय चाललंय ते दिसत नाही आणि लोक त्यावरून कचरा फेकतात, बुटक्या कुंपणातून आतलं गवत कापलेलं दिसतं आणि हात थबकतो. याच शहराने २०११ पासून वस्ती असलेल्या गल्लीतल्या रिकाम्या घरांना नुसत्या फळ्या ठोकून चालणार नाही, खरी दारं-खिडक्या बसवा असा नियम लावला, मला तो पटतो. फळ्या मारलेलं घर सोडून दिलेलं वाटतं. काचेची खिडकी असेल तर आत कोणी असेलही असं वाटतं.

आणि पहिलं, छप्पर बसायला आलेलं घर. ते वाचवता येईलच असं मी इथून सांगणार नाही. भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, असतील आणि फक्त छप्पर गेलं असेल तर वाचतं, भिंतींचे माथे बाहेर ढकलले गेले असतील तर आधी टेकू लावा आणि मगच पुढचं बोला, टेकूशिवाय कोणालाही वर चढवू नका. कधी कधी उतरवून घेणं हाच प्रामाणिक सल्ला असतो, तेव्हा दारं, चौकटी, तुळया, कौलं मोजून नीट काढून ठेवा. उतरवायच्या आधी कर, बांधकाम परवानगी आणि शेजारच्या सामाईक भिंतीचं काय होणार हे तपासा, ती भिंत एवढी वर्षं दोन्ही घरांच्या आधाराने उभी असते आणि एक घर गेलं की उघड्यावर भिजायला लागते, मग चौथं घर तुमच्या यादीत येतं.

यातलं काहीच सुरू करायला जमत नसेल तर पुढचा मोठा पाऊस लागेल तेव्हा छत्री घेऊन त्या तीन घरांसमोर बाहेरच उभे राहा. पाणी कुठून पडतंय, कुठे उडतंय, कुठल्या पाइपातून येतच नाहीये, पायाशी तळं कुठे साचतंय, प्रत्येक घराचा दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. तो ज्याचा त्याला त्याच रात्री पाठवा, खाली सल्ला काही लिहू नका, फक्त "पन्हाळ साफ करू का?" एवढंच विचारा.